सालीचं तेल

बिट्टीने गळ्याभोवतीचा रुमाल सोडला, तसा बाळमामा खिडकीबाहेर बघू लागला.

बाकीचे मात्र बघत राहिले. उजव्या गालावरून हनुवटीपर्यंत एक रुंद तपकिरी पट्टा उतरला होता. हनुवटीखाली त्याच्या बारीक धारा झाल्या होत्या आणि त्या गळ्यावरून थेट कॉलरच्या आत गेल्या होत्या. तेल जिथून ओघळलं, तिथूनच डाग उतरला होता. कपाळावर बोटं टेकवल्याच्या खुणा तर वेगवेगळ्या दिसत होत्या. फोड येऊन गेले होते. आता उरली होती ती कोरडी, काळवंडलेली कातडी.

"आग होते का अजून?" मामीने विचारलं.

"आता नाही. सुरुवातीला उशीला गाल टेकवता येत नव्हता."

रविवार असल्यामुळे मागचं तेलघर बंद होतं. एरवी घाण्याची घरघर या खोलीपर्यंत येत असे आणि तिच्यावरून आवाज चढवून बोलायची सगळ्यांना सवय झाली होती. आज ती घरघर नव्हती, तरी माणसं तशीच चढ्या आवाजात बोलत होती. पेंडीचा वास मात्र सुटी घेत नाही. तो पडद्यांत, गाद्यांत, दारांच्या फळ्यांत मुरलेला होता.

बिट्टीने सगळं सरळ सांगितलं. ती रस्त्यांच्या मोजणीवर होती. तिपाईवर यंत्र लावायचं, डोळा लावायचा, खुणेच्या काठ्या पुढे सरकवायच्या, असा दिवसभराचा उन्हातला धंदा. त्या दिवशी सकाळी चेहऱ्याला घरचं नवं तेल लावून ती कामावर गेली होती. दुपारपर्यंत चेहरा चुरचुरायला लागला, संध्याकाळी लाल झाला, दुसऱ्या दिवशी फोड आले. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय लावलं होतंस? तर हिने अभिमानाने सांगितलं, आमच्या घरचंच तेल आहे, झाडापासून काढलेलं, एकही रसायन नाही. डॉक्टरीणबाईंनी बाटली उघडून वास घेतला आणि विचारलं, यात लिंबाच्या सालीचं तेल आहे का?

"साल दाबून काढलेलं तेल अंगावर असताना ऊन लागलं की कातडी जळते, असं त्या म्हणाल्या. घरात बसणाऱ्यांना काही होत नाही. उन्हात जाणाऱ्यांना होतं. डाग जायला वर्षसुद्धा लागेल. काही कदाचित जाणारही नाहीत."

मग ती ज्यासाठी आली होती ते बोलली. दुकानांत गेलेल्या बाटल्या परत मागवा. ज्यांनी नेल्या असतील त्यांना कळवा, की हे लावून उन्हात जाऊ नका. एवढंच तिला हवं होतं. भरपाई नको, काही नको.

दादामामा, म्हणजे या घरातला थोरला, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. तो म्हणाला की घाई करून चालणार नाही, आधी नीट समजून घेऊ. बाळमामाने खिडकीकडून मान वळवली. पन्नाशीला आला तरी धाकटा म्हणून घरात तो बाळच राहिला होता. तेलांची खरेदी आणि वासाचं मिश्रण त्याच्याकडे होतं. रस्त्याच्या कामावर डांबर असतं, धूळ असते, घाम असतो, असं तो समजुतीने बोलू लागला. तू आणखीही काही लावत असशील. मुली लावतात. आणि डॉक्टरांचं काय, त्यांना घरगुती गोष्ट दिसली की त्यांचं बोट आधी तिच्याकडेच जातं.

बिट्टीला वाटलं होतं की चेहरा दाखवला की पुढचं बोलावंच लागणार नाही. शंभर वेळा आरशात पाहून तिला तो चेहरा म्हणजेच पुरावा वाटू लागला होता. या खोलीत मात्र तो नुसता एक विषय होता. तिने आईकडे पाहिलं. आक्का दाराजवळच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. जिथे बसायला कोणी सांगितलेलं नाही अशा घरात माणूस बसतो, तशी.

"इकडे ये," कोपऱ्यातून मोठी आई म्हणाली.

दोन्ही मामांच्या आणि आक्काच्या या म्हाताऱ्या आईला घरातले सगळेच मोठी आई म्हणत. तिचा नवरा खायचं तेल गाळायचा. केसांचं आणि चेहऱ्याचं तेल ही हिची करामत. पूर्वी नवं तेल बनलं की ती आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसचे दिवस थांबायची, मगच बाटलीत भरू द्यायची. ऐंशी ओलांडली तरी तिचा चेहरा तुकतुकीत होता आणि गिऱ्हाइकं खास तो बघायला आत यायची. तिने बिट्टीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. अंगठा गालावरच्या पट्ट्यावरून वरून खाली नेला, पुन्हा वर आणला. तिला कळलंय, हे बिट्टीला त्या अंगठ्यावरूनच कळलं.

"तिळाचं तेल लाव," मोठी आई म्हणाली. "जाईल."

*

वहिनी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली तेव्हा दोघा भावांची जुंपली होती.

बिट्टीची ती मामी, पण थोरल्याची बायको म्हणून घरात सगळ्यांची वहिनी. तेल मोजणं, मिसळणं, बाटल्या भरणं हे तेलघरातलं काम गेली कित्येक वर्षं तिच्या हातात होतं. दोघांची भांडणं तिने इतकी ऐकली होती की पुढचं वाक्य कोणतं येणार, ते तिला आधीच माहीत असे. दादा म्हणत होता, आपण वाफेवर काढलेलं लिंबाचं तेल वापरत होतो, ते बदलायचा शहाणपणा कोणी केला? बाळ म्हणत होता, वाफेवरच्या तेलाला उकडलेल्या लिंबाचा वास येतो हे तूच म्हणाला होतास. सालीचं आणलं तेव्हा बाटली नाकाला लावून अर्धा तास फिरत होतास, ते विसरलास? दोन वर्षांपासून दोघांचं एकमेकांशी कामापुरतंच बोलणं होतं. त्यामुळे साठलेलं बरंच काही या लिंबाच्या निमित्ताने बाहेर पडत होतं.

मग बाळ जरा थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "खरं तर तेलात काही वाईट नाही. प्रमाणाचा प्रश्न आहे. थेंब जास्त पडले असतील."

खोलीतले सगळे डोळे वहिनीकडे वळले. ट्रे तिच्या हातातच होता.

ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो काही बोलेल म्हणून थांबली. दादाने चहाचा कप उचलला, फुंकर मारली आणि म्हणाला, "भरताना घाई होतेच कधी कधी."

वहिनीने ट्रे खाली ठेवला. ती या दिवसांत लांब बाह्या घालत होती. उकाड्यातही घालत होती, आणि कोणी विचारलं नव्हतं. तिने उजवी बाही कोपरापर्यंत सरकवली. मनगटाच्या आत, जिथे नरसाळं धरताना तेल ओघळतं, तिथे बिट्टीच्या गळ्यावर होत्या तशाच तपकिरी धारा होत्या.

"मी खिडकीपाशी बसून भरते," ती म्हणाली. "दुपारचं ऊन हातावर येतं. प्रमाण चुकलं नाही. पहिल्या पिंपापासून हे असंच आहे."

"कधीपासून?" बिट्टीने विचारलं.

"तुझ्या आधीपासून."

एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. तिने तेव्हाच यांना हात दाखवला होता. यांनी सांगितलं होतं की बाह्या लांब घाल आणि खिडकीला पडदा लाव. मग एक पोहायला शिकवणाऱ्या बाई दुकानात आल्या होत्या. त्यांच्या दोन्ही खांद्यांवर डाग होते. वहिनीने त्यांना तेल बदलून साधं बदामाचं दिलं होतं, वर साबणाची वडी भेट दिली होती, आणि बाईंनी चक्क आभार मानले होते. ते आभार तिला अजून टोचत होते.

"म्हणजे तुला माहीत होतं, दादा," बाळ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. सुटल्याचा सुस्कारा होता.

बिट्टी उठून मामीशेजारी येऊन बसली. तिने मामीचं मनगट हातात घेतलं आणि आपल्या गळ्याजवळ नेलं, सगळ्यांना दोन्ही एकदम दिसावं म्हणून. वहिनीला एकाएकी हलकं वाटलं. या घरात आल्यापासून कोणी तिच्या बाजूला येऊन बसल्याचं तिला आठवत नव्हतं.

*

दादा उठून तेलघरात गेला. थोड्या वेळाने मागून बाळही आला. येताना त्याने पाण्याचा ग्लास आणला आणि भावापुढे धरला. दादाने तो घेतला.

बंद घाण्याभोवती पिंपं रांगेने उभी होती. कोपऱ्यात उद्यासाठी मांडून ठेवलेलं टेबल होतं, पांढरं कापड घातलेलं, वर चेहऱ्याच्या तेलाच्या नव्या बाटल्या. शहरभर ज्यांची पार्लरं होती त्या बाई उद्या कारखाना बघायला यायच्या होत्या. त्यांना वास आवडला होता. खरं तर त्यांना फक्त तो वासच आवडला होता. तेलं सगळ्यांकडेच असतात, त्या म्हणाल्या होत्या, हा ताजेपणा कोणाकडे नाही. त्यांनी घेतलं तर बाजारपेठेच्या रस्त्यावर नवं दुकान उघडता येणार होतं. दादाने आयुष्यभर मागच्या गल्लीतून धंदा केला होता. लोक पत्ता विचारत विचारत यायचे, आणि येऊन म्हणायचे, अरे, इथे आहे होय. ते 'होय' त्याला नकोसं झालं होतं.

तो वाईट माणूस आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. बायकोचा हात पाहिला तेव्हा त्याला कसंसंच झालं होतं. पण पिंपं भरलेली होती आणि पार्लरवाल्या बाईंशी बोलणं सुरू झालं होतं. आधी हे पार पडू दे, मग बघू, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. नंतर त्याबद्दल विचार करायचं तो टाळत गेला, इतकंच.

"परत मागवल्या तर संपलंच," बाळ म्हणाला. "लोक म्हणतील, चेहरे जाळणारे. चेहऱ्याचंच नाही, केसांचंही कोणी घेणार नाही."

"वाफेवरचं मागवू. पुढच्या खेपेपासून."

"मागवू. पण आहे ते गेलं पाहिजे. पार्लरमध्ये बायका आत बसतात, त्यांना कुठलं ऊन?"

"आणि ही पोर?"

"पोर आईचं ऐकेल. वहिनीचं तू बघ." बाळ पिंपाच्या कडेवरून बोट फिरवत होता. "आक्काला काय हवंय, ते तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. आपण दोघांनी मिळूनच ते दिलं नव्हतं."

दादाने भावाकडे पाहिलं. कित्येक दिवसांत दोघं इतक्या जवळ उभे राहिले नव्हते. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होत होतं, आणि ते किती सोपं होतं याचं दादाला नवल वाटलं. त्याने ग्लासातलं उरलेलं पाणी बाळला दिलं.

आत आल्यावर त्याने आधी बायकोला स्वयंपाकघरात बोलावलं. बाई उद्या येणार, म्हणजे तेल कोण भरतं ते विचारणार. आज तू म्हणालीस तेच बाहेर गेलं, तर कोणी तेलाला नाव ठेवणार नाही, भरणाऱ्या हाताला ठेवतील. मी तुझ्या पाठीशी उभा राहीन, पण किती जणांची तोंडं धरणार? हे सगळं तो अतिशय हळू आवाजात, तिच्या खांद्यावर हात ठेवून बोलला. मोठी आई एव्हाना उठून आपल्या खोलीत गेली होती. मग तो तिच्याकडे गेला. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"आक्काला पाठव," ती म्हणाली.

*

आक्काला ही खोली आवडायची. लहानपणी घाण्याचा दांडा फिरवून हात भरून आले की ती इथे येऊन आईच्या पलंगावर पडायची. तेव्हा भाऊ शाळेत असायचे. चेहऱ्याच्या पहिल्या तेलात तिळाबरोबर जर्दाळूच्या बियांचं तेल घालायची कल्पना तिची होती. त्यामुळे ते कातडीवर चिकट बसत नव्हतं. ते तेल अजून तिच्याच प्रमाणाने बनत होतं आणि ते तिचं होतं, हे कोणी म्हणत नव्हतं. लग्न झालं आणि एका दिवसात ती पाहुणी झाली. नवरा गेल्यावर ती इथे येऊन म्हणाली होती, मला कामाला घ्या, हवं तर बाटल्या धुते. भावांनी विचार करतो म्हणून सांगितलं होतं. मग स्वस्तात तेलाच्या बाटल्या देऊ केल्या, दारोदार विकायला. ती दिवसा कपडे शिवायची आणि संध्याकाळी पिशवी घेऊन जिने चढायची. लोक दार अर्धं उघडून विचारायचे, काय आहे? ती म्हणायची, माझ्या माहेरचं तेल आहे.

"बस," मोठी आई म्हणाली.

नवं दुकान आक्काने सांभाळायचं, असं तिने सांगितलं. नुसतं गल्ल्यावर बसायचं नाही, सांभाळायचं. मागच्या गल्लीतल्या या घराचा वरचा मजला तिला द्यायचा. आणि धंद्यात दोघं नाही, तिघं. मुलगे कबूल आहेत.

आक्का पलंगाच्या कडेला बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

"इतकी वर्षं मी मागत होते," ती म्हणाली. "आधी का नाही दिलंस?"

"आधी गरज नव्हती."

म्हातारीने ते इतक्या सरळ सांगितलं की आक्काला राग यायलाही वेळ लागला. आई तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत माया नव्हती असं नाही. कशाला काय लागतं हे ठाऊक असलेल्या बाईची ती नजर होती.

"तिचा चेहरा, आई."

"डाग जातील. सगळे नाही, तरी बरेच." मोठ्या आईने उशीचा कोपरा सरळ केला. "ती काय म्हणते ते लोक ऐकतील की नाही, ते तू काय म्हणतेस त्यावर आहे. तू तिची आई आहेस. तू म्हणालीस, हिने दुसरंही काही लावलं होतं, तर विषय मिटला."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर पिशवी आहेच तुझी."

खिडकीतून तेलघराचं छप्पर दिसत होतं. आक्काने मनात हिशेब मांडायचा प्रयत्न केला, पण मांडता येईना. एका बाजूला बिट्टीचा गाल होता. दुसऱ्या बाजूला पैसा नव्हता, दुकानही नव्हतं. तिथे फक्त एक दार होतं. ते पूर्ण उघडत होतं आणि पलीकडून कोणी 'काय आहे?' विचारत नव्हतं. बिट्टी तरुण आहे, तिने स्वतःला सांगितलं. बिट्टीला नोकरी आहे. तिच्यापुढे पुष्कळ दिवस आहेत. उद्या हे सगळं तिचंच होणार. तिच्यासाठीच तर करायचं आहे. असं मनाशी बोलत बोलत ती दारापर्यंत आली आणि तिथे पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं.

बाहेरच्या खोलीत सगळे होते. वहिनी आता बिट्टीशेजारी नव्हती. ती दादाच्या मागे भिंतीला टेकून उभी होती आणि तिची बाही पुन्हा मनगटापर्यंत खाली आलेली होती. बिट्टी एकटीच दिवाणावर बसली होती.

आक्काने खुर्ची पुढे ओढून घेतली आणि पहिल्यांदाच खोलीच्या मध्यभागी बसली.

"बिट्टी," ती म्हणाली, "त्या दिवशी तू आधी ते क्रीम लावलं होतंस ना? मैत्रिणीने दिलेलं."

बिट्टीला आधी वाटलं, आई विसरते आहे. तिने समजुतीने मान हलवली. "नाही गं. ते तर मी उघडलंही नाही."

"लावलं होतंस. मला आठवतंय. त्याच्यावर तेल लागलं आणि दोन्ही मिळून त्रास झाला. असं होतं कधी कधी."

बाळ म्हणाला, हेच तर मी म्हणत होतो. दादा म्हणाला, चला, उलगडा झाला. दोघं एकदमच बोलले.

बिट्टी आईकडे बघत होती. आता तिला कळलं होतं. ते कळणं तिच्या डागाळलेल्या चेहऱ्यावर हळूहळू पसरताना सगळ्यांनी पाहिलं.

"आई, मी यंत्राची पेटी भरत होते," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "माझे हात मोकळे नव्हते. तेल तूच लावून दिलंस. कपाळावर ही तुझी बोटं आहेत."

आक्काने मान खाली घातली नाही. घातली असती तर पुढचं तिला बोलताच आलं नसतं. "मी साधं तेल लावलं होतं," ती म्हणाली. "तिळाचं."

बिट्टीने मामीकडे पाहिलं. वहिनी दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी होती.

"मामी?"

"माझ्या हातावर वाफ आली होती," वहिनी जमिनीकडे बघत म्हणाली. "स्वयंपाकघरात. मघाशी मी उगीच काहीतरी बोलून गेले."

बिट्टीने रुमाल उचलला. घाई न करता गळ्याभोवती गुंडाळला, गाठ मारली, कड हनुवटीपर्यंत वर ओढली. मोठ्या आईच्या खोलीचं दार उघडंच होतं. त्या बाजूला बघून, "येते," असं ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही. तिच्या पावलांचा आवाज गल्लीत उतरला. आक्का उठली, दोन पावलं गेली. "जाऊ दे," दादा म्हणाला, "राग शांत झाला की येईल." त्याने बहिणीसमोर चहाचा कप सरकवला. इतक्या वर्षांत या घरात आक्काला कोणी आधी चहा दिला नव्हता. तिने तो घेतला.

*

पार्लरवाल्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या, पांढऱ्या कापडावरच्या बाटल्या त्यांनी उघडून पाहिल्या आणि मोठ्या आईचा गाल पाहून त्यांची खात्री पटली. बाटल्या परत मागवल्या गेल्या नाहीत. दादाने वाफेवरचं तेल मागवलं होतं, पण आधीची पिंपं रिकामी झाल्याशिवाय ते उघडायचं नाही असं ठरलं होतं. वहिनीला रबरी हातमोजे मिळाले. ती आता नणंदेशी फार बोलत नसे. नणंदही तिच्याशी बोलत नसे. एकमेकींना पाहिलं की दोघींनाही तेच आठवायचं. दादा आणि बाळ मात्र पुन्हा एका टेबलावर जेवायला बसू लागले.

आक्का वरच्या मजल्यावर राहायला आली. एक खोली तिने बिट्टीसाठी लावली, नवा पलंग घेतला, खिडकीला जाड पडदा केला. बिट्टी आली नाही. दोघी राहत होत्या त्या भाड्याच्या जागेतून तिने एक दिवस स्वतःचं सामान हलवलं आणि एका लांबच्या रस्त्याच्या कामावर बदली मागून घेतली. फोन केला की ती उचलायची. जेवलीस का, पाणी कसं आहे तिकडचं, जागा हवेशीर आहे का, या सगळ्यांना नीट उत्तरं द्यायची. त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढायची नाही. आक्काला वाटायचं, भांडली असती तर बरं झालं असतं. एकदा धीर करून तिने विचारलं, "डाग कसे आहेत?"

"आहेत," बिट्टी म्हणाली, आणि तिकडे वारा फार असल्यामुळे नीट ऐकू येत नाही, असं सांगून तिने फोन ठेवला.

नवं दुकान उजेडाचं होतं. समोरची पूर्ण भिंत काचेची, आत फळ्यांवर बाटल्यांच्या रांगा. आक्काला गिऱ्हाइकांशी बोलता यायचं. कातडी कोरडी की तेलकट हे ती हात हातात घेऊन सांगायची, झाकण उघडून वास द्यायची, एक थेंब मनगटावर चोळून दाखवायची. महिन्याभरात लोक दुकानाचं नाव न घेता 'आक्कांकडे' म्हणू लागले. दादा एकदा येऊन उभा राहिला आणि म्हणाला की हे आधीच करायला हवं होतं. त्याला ते मनापासून वाटत होतं.

एक दिवस दुपारी एक टपाल वाटणारी बाई आत आली. खांद्यावर थैली होती, चेहरा उन्हाने रापलेला, ओठ फुटलेले. रोज समोरून जाते, ती म्हणाली, आज ठरवलंच. आक्काने तिला चेहऱ्याच्या तेलाची बाटली उघडून दिली. बाईने डोळे मिटून वास घेतला आणि तशीच उभी राहिली. कोणीतरी तिला आत्ताच आंघोळ घालून सावलीत बसवलं असावं, तशी.

"झाडाचंच आहे ना सगळं?" तिने विचारलं.

"सगळं."

"मी सकाळपासून उन्हात असते हो. चालेल ना?"

बाळने सकाळीच सांगितलं होतं, जुन्यातलं आता शेवटचं पिंप उरलंय. आक्काने बाटलीला झाकण लावलं. तिने त्या बाईचा रापलेला गाल पाहिला, कपाळ पाहिलं, टोपीच्या पट्ट्याने कपाळावर उमटलेली रेघ पाहिली. दुसरं, साधं बदामाचं तेल हाताशीच होतं, शेजारच्याच फळीवर. हात लांब करायचा अवकाश होता.

"माझी मुलगीही दिवसभर उन्हात असते," आक्का म्हणाली. "हेच लावते."